बंद दारापुढची दिवाळी
बीड जिल्ह्यातील एका गावी दिवाळीत गेलो असता भिंतीवर रंगवलेली जाहिरात आम्ही वाचली : सहकुटुंब खरेदीस या. शेजारच्या घराला कुलूप होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या होत्या. मार्च-एप्रिलपर्यंत त्या परतणार नव्हत्या. इथे ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेली मजुरी. जाहिरातीचे मराठी शुद्ध होते. हे दोन शब्द तेवढे तिला ठाऊक नव्हते.

याच जिल्ह्यातील अंबाजोगाईत दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिले ते पासोडीवर, लोकांच्या अंगावरच्या जाडसर वस्त्रावर.

जाहिरातदाराला हसणे सोपे आहे. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे वाचककेंद्री समीक्षा शिकवली. दिवाळीनंतर रिकाम्या होणाऱ्या बाकांवरची मुले कोणत्या फडात असतात, हे मात्र कधी विचारले नाही.