७८ अक्षांशावरची तूर

लाल काठाचा त्रिकोण, आत काळ्यावर पांढरं अस्वल आणि खाली नॉर्वेजियन भाषेतले तीन शब्द. वाटाड्या पोरीनं अर्थ सांगितला : 'हे सगळ्या स्वालबार्डला लागू.' म्हणजे अस्वल अमुक जागीच असतं असं समजू नका, ते कुठंही भेटेल. पोरगी असेल पंचविशीची आणि खांद्याला रायफल. वस्तीची हद्द ओलांडायची तर अस्वलापासून बचावाचं साधन जवळ हवंच, असा इथला नियम. बायकोनं रायफलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"अवो, इतक्या दूर येऊन पुन्हा टिपेश्वरच?"

तिचं खरं होतं. टिपेश्वर म्हणजे आमच्याकडचं वाघांचं जंगल. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याकडे वाघिणीची दहशत होती, तेव्हा आमच्या भागातली माणसं टोळीटोळीनं वावरात जायची आणि दिवस कलायच्या आत घरी परतायची. घाटंजीच्या आमच्या दुकानात बियाण्याइतकाच वाघिणीचा विषय चालायचा. इथली माणसंही तशीच बोलतात, फक्त जनावर पांढरं. आणि दिवस कलायच्या आत परतायचं म्हटलं, तर इथं तो कलतच नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात वर आलेला सूर्य ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत मावळत नाही.

जर्मनीत नोकरीला असलेल्या मुलानं ही तिकिटं काढून दिली. जुलै २०२५. हॅम्बुर्गहून निघालेलं बारा मजली जहाज. त्यावरच्या जेवणाबद्दल लिहीत नाही. दोन-तीन हजार माणसं एका वेळी जेवतात, तिथं चव कुणाकुणाची धरायची? सहाव्या दिवशी सकाळी पडदा सारला आणि समोर लाँगयरब्येनचा धक्का. मागं काळे-करडे डोंगर, त्यांच्या घळींतून लोंबणारा बर्फ आणि पायथ्याशी लाल, पिवळी, हिरवी घरं, सगळी खांबांवर उभी. खाली जमीन बारमाही गोठलेली. घर थेट जमिनीवर बांधलं तर घराच्या उबेनं ती विरघळते आणि घर कलतं.

गावात झाड नाही. एकही नाही. वाटाडीनं गुडघ्यावर बसून एक पान दाखवलं. म्हणे, ही इथली विलो, वाळुंज. बोटभर उंची! बायकोनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या दारचा लिंब पाहिला त हे पोरगी चक्कर येऊन पडन."

१९०६ साली जॉन लाँगयर नावाच्या अमेरिकन माणसानं इथं कोळशासाठी गाव वसवलं, त्याचंच नाव गावाला पडलं. कोळसा आम्हाला नवा नाही, आमच्या जिल्ह्यात वणीला खाणी आहेत. पण इथं त्याची एक आठवण दारातच भेटते. संग्रहालयात शिरताना सगळ्यांना जोडे काढायला लावतात. खाणकामगारांच्या जोड्यांची काळी भुकटी घरात येऊ नये म्हणून पडलेली ही रीत. चारशे गोरी माणसं मोज्यांवर हिंडताना पाहून मला देवळात आल्यासारखं वाटलं. आणि ज्या कोळशापायी ही रीत, तो आता संपला : नॉर्वेची इथली शेवटची खाण आम्ही पोचायच्या काही दिवस आधी, जूनअखेर बंद झाली.

१९२० च्या पॅरिस करारानं स्वालबार्डची ही बेटं नॉर्वेची ठरली, पण त्या करारावर हिंदुस्थानच्या नावानंही सही आहे. त्यामुळं आपल्या माणसाला इथं राहायला, धंदा करायला मुभा आहे. इथून वर, न्यू-ऑलेसुंडला, २००८ पासून आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे; त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. हे ऐकल्यावर मी जरा ताठ चालू लागलो, हे लपवत नाही.

पण मला खरं पाहायचं होतं ते बियाण्यांचं कोठार.

विमानतळाच्या वर, डोंगराच्या अंगात घुसवलेली काँक्रीटची पाचर. बस, एवढंच दिसतं. कपाळावर आरशांचा आणि पोलादाचा नक्षीपट्टा, तो उन्हात चमकतो. आत कुणाला सोडत नाहीत. शंभराहून अधिक मीटर आत, उणे १८ अंशांत, जगभरच्या १३ लाखांहून अधिक बियाण्यांचे नमुने बंद पाकिटांत ठेवलेत. ज्यानं ठेवले त्याचीच मालकी. २००८ मध्ये कोठार उघडलं. २०१५ मध्ये पहिल्यांदा कुणी काही परत मागितलं. सिरियातल्या युद्धात अलेप्पोजवळची बीजपेढी हातची गेली, तेव्हा इथली पाकिटं काढून मोरोक्को आणि लेबनॉनमध्ये पुन्हा पेरली आणि नवं बियाणं मग परत इथं आणून ठेवलं.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅटनं आपली ज्वारी, बाजरी, हरभरा आणि तूरही इथं ठेवली आहे. तूर! पांढरकवड्याहून आदिलाबादच्या रस्त्याला लागलं की सरळ तिथं पोचता येतं, तिथली तूर या डोंगरात. माझी आई तुरीला राख चोळायची, लिंबाचा पाला घालून गाडग्यात भरायची आणि तोंड शेणामातीनं लिंपायची. मृगापर्यंत त्याला हात लावायचा नाही. पोरं उपाशी झोपली तरी नाही. मग बियाण्याच्या बॅगा आल्या आणि गाडगी परसात उलटी झाली. मी तीस वर्षं त्या बॅगाच विकल्या, माझ्या घराचे दोन मजले त्यावरच चढले. त्या दारापुढं उभं राहून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. लाज म्हणावं तर नव्हती. पण मी फोटोत उभा राहिलो नाही, बायकोला एकटीलाच उभं केलं.

वाटाडी म्हणाली, २०१६ साली बर्फ वितळून पाणी या दारातून बोगद्यात शिरलं होतं, बियाण्यांपर्यंत पोचलं नाही. मग बोगदा दुरुस्त केला.

"गाडगं झिरपलं म्हनते," बायको म्हणाली.

रात्री झोप लागेना. जहाज अजून धक्क्यालाच होतं. वर डेकवर आलो तर डोळ्यांवर ऊन. सूर्य उत्तरेला, खाडीच्या पलीकडच्या डोंगरांवर. घड्याळात दीड वाजला होता. अंगावर वारं असं, की कान आहेत का ते चाचपून पाहावं. तेवढ्यात फोन वाजला. धाकटा भाऊ, घाटंजीहून.

"दादा, चार दिवस झाले, झड थांबून नाई राह्यली. खालच्या वावरातली तूर सडली. पुन्हा लावा लागते. दुकानात बॅगा हाये का?"

आहेत म्हटलं, मागच्या खोलीत, डाव्या हाताला, पोत्यांमागं. त्याच्या मागं पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"इथं आता कुठं फटफटून राह्यलं," तो म्हणाला. "तिकडं उजाडलं का?"