चौफुल्याची पेटी

भात्याच्या घडीवर दोन ठिगळं, मधल्या सप्तकातल्या पट्ट्या बोटांनी घासून पिवळ्या पडलेल्या. चौफुल्याच्या थिएटरात संध्याकाळी पेटीमास्तर कडी सोडतात आणि ही म्हातारी लांब श्वास घेते. काळी पाचचा सूर भरला की ढोलकीवाला मान वर करतो, घुंगरं बांधणारे हात जरा घाई करतात.

ती मूळची इथली नव्हे. 1840च्या दशकात पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी तिच्या पूर्वजाला घडवलं. मिशनऱ्यांच्या सामानातून ती हिंदुस्थानात उतरली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढले, तेव्हा कुठे ती आपल्यासारखी बैठकीत बसायला लागली. तरी परकेपणाचा ठपका पुसला गेला नाही. मींड येत नाही, श्रुती लागत नाहीत, म्हणून 1940 साली रेडिओने तिला बाहेर काढलं. 1971मध्ये दार किलकिलं झालं.

तमाशाने मात्र तिला कधी गाव विचारलं नाही. 'तमाशा' हा शब्दच मुळी अरबी-फारसीतून आलेला. तुर्कस्तानातही पूर्वी नाटकाला 'तेमाशा' म्हणत. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन यांनी फडांसाठी गण-गौळणी आणि वग लिहिले, आणि महाराष्ट्र त्यांना कवठेकर म्हणूनच ओळखतो.

आज पेटीला सगळी घरं मोकळी. पंडिता रमाबाईंच्या केडगावात ख्रिस्ती भजनाला पेटी, गावोगावी एकादशीच्या भजनाला पेटी, आणि केडगावला लागूनच चौफुल्यावर लावणीला पेटी.

पण तिच्या सुरावर उभी राहणारी बाई? कोल्हाट्याच्या घरात जन्मलेली, आईकडून लावणी शिकलेली. परकेपणाचा ठपका तिच्यावरही आहेच. तुर्कस्तान-जर्मनी यांच्या 1961च्या कामगार करारानंतर जर्मनीत कामाला गेलेल्या तुर्की लोकांनी बर्लिनमध्ये आपली नाटकं उभी केली. 'आमच्यात मिसळणार कधी?' हे त्यांना परमुलखात ऐकावं लागलं. हिला ते आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेत ऐकावं लागतं. पोराला शाळेत घालताना माणसं बापाचं नाव विचारतात, खोली घेताना धंदा. तीच माणसं रात्री तिच्या लावणीला 'वन्स मोअर' देतात. याची मला लाज वाटते.

न्हावऱ्यावरून शिरूरला जाणारा रस्ता चौफुल्यावरूनच फुटतो. जाता-येता थांबा. लावणी मन लावून ऐका, गाणारीचं नाव विचारून घ्या, आणि येत्या संक्रांतीला तिला घरी हळदीकुंकवाला बोलवा.