जीप उंच करावी, पण किती?

मैत्रिणींनो, लोणच्याच्या फोडी आणि स्वेटरचे टाके यांच्या शेजारी जीपचे पाटे कुठून आले, असं तुम्हाला वाटेल. पण गाडीत आपण बसतो, आपली मुलं बसतात, आणि उतारावर पोटात गोळा येतो तोही आपल्याच. मग ती गाडी जमिनीपासून किती उंच असावी हे घरात ठरत असताना आपण फक्त चहा नेऊन द्यायचा, हे काही मला पटत नाही.

आमचं सासर आंदर मावळातलं. आम्ही राहतो तळेगावला, पण शेती आणि सासूबाई गावाकडे. त्यामुळे शनिवारी माझी शाळा सुटली की आमची वरात जुन्या जीपमधून निघते. कान्हे फाट्यावरून आत वळलं की टाकवे बुद्रुक, वडेश्वर, खांडी अशी गावं लागतात. शेजारी ठोकळवाडी धरणाचं पाणी. टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरासाठी बांधलेलं हे धरण १९२२ सालचं. मोठा रस्ता डांबरी आहे, खड्डे सोडले तर तक्रार नाही. खरी परीक्षा शेवटच्या दीड किलोमीटरची. मुरमाची वाट, मध्ये एक ओढा, दोन्ही बाजूंना भातखाचरांचे बांध, आणि वर सह्याद्रीचा पाऊस! दर पावसाळ्यात त्या वाटेवरचे दगड थोडे आणखी वर डोकं काढतात.

गेल्या पावसाळ्यात जीप खालून खरवडायला लागली. दगडावर लोखंड घासल्याचा तो आवाज ऐकला की आमच्या ह्यांचा चेहरा असा होतो, जणू त्यांच्याच पाठीवरून कुणी किसणी फिरवली. धाकट्या भाऊजींनी लगेच निकाल दिला, "दादा, चार इंच उचलून घेऊ. लिफ्ट किट मिळतं, दोन दिवसांचं काम." मुलं तर टाळ्याच पिटायला लागली. उंच जीप दिसते रुबाबदार, हे मलाही मान्य आहे. पण मी एकच विचारलं, "चारच का? तीन का नाही, दोन का नाही?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. चार हा आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवरून आलेला होता. अहो, ब्लाउज शिवतानासुद्धा आपण शेजारणीचं माप देत नाही!

आता हे उंच करणं म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. ओढा ओलांडताना आपण निऱ्या वर धरतो. साडी कोरडी राहते, पण पावलं पाण्यातच असतात ना? जीपचंही तसंच. पाटे किंवा स्प्रिंगा बदलून गाडी उचलली की वरचा सांगाडा वर जातो, पण चाकं आणि त्यांना जोडणारे ॲक्सल होते तिथेच राहतात. जुन्या जीपमध्ये ॲक्सलच्या अंगावर जो मोठा लोखंडी गोळा दिसतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. बहुतेक वेळा गाडीत जमिनीला सर्वांत जवळचा भाग तोच असतो. चार इंच उचला नाहीतर आठ इंच, तो गोळा केसभरही वर जात नाही. तो वर न्यायचा तर मोठे टायर हवेत, आणि तिथेही टायरची उंची दोन इंच वाढली तर गोळा एकच इंच वर जातो, कारण ॲक्सल चाकाच्या मधोमध असतो.

मग तोटा कुठे? घरातलं लोखंडी कपाट आठवा. खाली ओल येते म्हणून आपण त्याच्या पायांखाली एकेक वीट ठेवतो. दोन-दोन ठेवल्या तर झाडू छान फिरतो, पण दार ओढलं की कपाट अंगावर येतंय असं वाटतं. रुंदी तीच, वजन तेच, फक्त ते वजन वर गेलं. गाडीचं गणितही हेच आहे. दोन चाकांमधल्या अंतराचं निम्मं घ्यायचं आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून जितका उंच असेल त्याने भागायचं. आकडा जितका मोठा, तितकी गाडी भक्कम. अमेरिकेचं रस्ता-सुरक्षा खातं २००१ सालापासून गाड्यांच्या उलटण्याच्या धोक्याचे दर्जे जाहीर करतं, त्यात हाच हिशेब असतो. साध्या मोटारींचा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, जीपसारख्या उंच गाड्यांचा १ ते १.३. म्हणजे जीप मुळातच काठावर उभी!

समजा, चाकांमधलं अंतर १५० सेंटीमीटर आहे आणि वजनाचा मध्य ७० सेंटीमीटरवर. ७५ भागिले ७० म्हणजे १.०७. गाडी दोन इंच उचलली की मध्य साधारण चार सेंटीमीटर वर जातो, आकडा होतो १.०१. चार इंच उचलली तर ०.९६. कागदावर हा फरक चिमूटभर दिसतो, पण मिठाची चिमूटही आमटी बिघडवतेच की. त्यातून टपावर भाताची पोती टाकली, तर मध्य आणखी वर.

आमच्या नात्यातल्या एका घरी अशीच उंच केलेली जीप होती. वेगात नव्हे, चालत्या माणसाच्या गतीने जाताना एक चाक बांधावर चढलं, दुसरं चिखलात खचलं आणि गाडी हळूच कुशीवर झोपली. शेजारी बसलेल्या वहिनींचं गळपट्टीचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात बांधून त्यांनी घर चालवलं, एका हाताने कणीक मळली. मला त्या चार इंचांची किंमत कळली ती तेव्हा.

शिवाय गाडीच्या पोटातल्या वस्तू एकमेकींना बेताबेताने जोडलेल्या असतात. सांगाडा वर गेला की चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. इंजिनाची शक्ती मागे नेणारा दांडा जास्त तिरका होतो, मग त्याचे सांधे थरथरतात आणि लवकर झिजतात. स्टिअरिंगचे दांडे तिरके झाले की खड्ड्यात चाक स्वतःहून वळायला बघतं. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांना पुढे अखंड ॲक्सल नसतो, चाकं सुटी असतात. तिथे तर चाकाला फिरवणाऱ्या आखूड दांड्यांवर फार ताण येतो. आणि दिवे! गाडी वर गेली की दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. जुन्या महामार्गावर रात्री असा झोत खाल्लेल्या कुणालाही विचारा.

हे सगळं ऐकल्यावर आमच्याकडे गाडी न उचलता आधी मोजायचं ठरलं. मी शिवणकामाची टेप आणि शाळेतला खडू घेतला. गाडी सपाट जमिनीवर उभी केली, टायरमधली हवा नेमकी भरली. हे आणि भाऊजी खाली वाकून ओरखडे शोधू लागले, मी वहीत लिहीत गेले. ओरखडे तीन जागी निघाले. मागच्या गोळ्यावर, मधल्या पायरीखाली आणि मागच्या बाजूला. गोळ्याचा ओरखडा उचलून जाणारा नव्हता, हे आता सगळ्यांना माहीत होतं. राहिले दोन. मग मिस्त्रींनी मागचे पाटे पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, पाटे बसलेत." वर्षानुवर्षं इंद्रायणीची पोती वाहून पाट्यांची कमान सपाट झाली होती. मूळ मापाचे नवे पाटे घातले आणि मागची बाजू दीड इंच वर आली. म्हणजे आम्ही जी उंची विकत आणायला निघालो होतो, त्यातली बरीचशी आमचीच हरवलेली होती.

सोबत गाडीच्या मूळ मापाचेच, पण चिखलात पकड घेणारे टायर घेतले, आणि पोटाखाली जाड पत्रा बसवला. दगडावरून जाताना गोळा दगडाच्या बाजूने काढायचा, हे ह्यांनी अंगवळणी पाडलं. एकजण उतरून पुढे चालतो आणि हाताने खुणा करतो. बहुधा ती मीच असते.

पाण्याबद्दल मात्र कान उघडे ठेवून ऐका. "उंच केली की ओढ्याची भीती नाही," असं तुम्हाला सांगतील. २०२० साली आलेल्या थारसाठी कंपनी ६५० मिलीमीटर पाण्याचा आकडा देते, म्हणजे दोन फुटांहून थोडं जास्त. पण अशा आकड्याच्या भरवशावर वाहत्या पाण्यात गाडी घालायची नसते. फूटभर वाहतं पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकतं, दोन फूट पाणी जीपसारख्या गाड्याही. गाडी पाण्यात तरंगू लागली की टायरची पकड सुटते, मग तिची उंची काय कामाची? ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं पाण्याबरोबर गेली. पाणी किती पटकन चढतं हे आपल्या मावळाला कुणी वेगळं सांगायला नको. ओढा गढूळ होऊन धावू लागला की अलीकडे थांबायचं. सासूबाई म्हणतात, "भाकरी थंड झाली तर तव्यावर गरम करता येते."

कायदाही आपल्या बाजूने आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. तेव्हा कुणी कितीही इंच सुचवले तरी आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर विम्याचा माणूस गाडीखाली वाकून बघतो, तेव्हा उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

आणि शेवटचं माप, जे गॅरेजमध्ये कुणी घेत नाही. आमच्या जीपची पायरी जमिनीपासून सोळा इंचांवर आहे. घरातल्या जिन्याची पायरी असते सहा-सात इंचांची. चार इंच वाढवले असते तर सासूबाईंना नऊवारी सावरत, दुखऱ्या गुडघ्याने वीस इंच चढावं लागलं असतं. पावसात रात्री वाडीतल्या कुणा पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्या की हीच जीप दवाखान्याच्या वाटेला लागते. तिला कुणी कसं चढवायचं? गाडीत चढणाऱ्यांतलं सर्वांत अवघडलेलं माणूस कोण, ते आधी बघावं, आणि उंची त्याच्या पायाने मोजावी.

तुमच्या घरी हा विषय निघाला, तर वही-टेप घेऊन खुशाल मध्ये बसा. गाडी कुठे घासते ते बघा. पाटे, स्प्रिंगा बसल्यात का ते तपासून घ्या. टायर आणि पत्र्याने भागतंय का बघा. एवढं करूनही उंची लागतच असेल आणि आरटीओची हरकत नसेल, तर एक ते दोन इंचांच्या आत राहा, आणि स्प्रिंगा व शॉक अब्सॉर्बर एकमेकांना जुळणारे घ्या. नुसते ठोकळे सरकवून काम उरकू देऊ नका. काम झालं की ब्रेकच्या नळ्या, चाकांचं अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत डोळ्यांसमोर तपासून घ्या. मग पहिले काही दिवस गाडी रिकामी आणि हळू चालवायला सांगा.

भाऊजी अजून अधूनमधून चार इंचांचं नाव काढतात. मी वही उघडून आकडे दाखवते. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण गळपट्टीच्या हाडाला असतं हो!