एराथियाचं राज्य, नांदेडचं मशीन

जुना गेम खराब होत नाही. सीडीवर ओरखडे पडतात, फ्लॉपीला बुरशी येते. पण एकदा नीट उतरवून घेतलेली फाइल १९९९ साली होती तशीच, शेवटच्या बिटपर्यंत, आजही असते. ‘सर, चालूच होईना गेलंय, सीडी गेली का?’ असं विचारत नांदेड-लातूरकडची मंडळी जुन्या डिस्क घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी हेच सांगतो. गेम लिहिणाऱ्याने काही गोष्टी धरून चाललेल्या असतात. प्रोसेसर साधारण इतक्या वेगाचा असेल, पडद्यावर अमुक इतके रंग असतील, ड्राइव्हमध्ये सीडी असेल, हवी तिथे फाइल लिहायला कुणी अडवणार नाही. पंचवीस वर्षांत यातली एकेक गोष्ट बदलत गेली. नेमकी कोणती बदलली ते शोधायचं आणि तेवढीच त्या गेमपुरती परत जुळवून द्यायची, हे माझं काम.

हार्डवेअर दुरुस्ती आणि डेटा रिकव्हरी हा माझा पोटापाण्याचा धंदा. जुने गेम चालते करणं त्यातूनच सुरू झालं आणि आता ओढ त्याचीच जास्त आहे. माझ्याकडे सगळ्यात जास्त येतो तो ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’. न्यू वर्ल्ड कंप्युटिंग या अमेरिकन कंपनीने तो बनवला, थ्रीडीओने १९९९ मध्ये बाजारात आणला. राणी कॅथरीन वडिलांच्या अंत्यविधीसाठी माहेरी, एराथियाला येते आणि राज्य शत्रूंच्या ताब्यात गेलेलं पाहते, इथून कथा सुरू होते. आठ प्रकारची नगरं, प्रत्येक नगराच्या सात जातींच्या फौजा आणि प्रत्येक जातीचं एक सुधारित रूप. नायक दिवसाला ठरावीक अंतरच चालू शकतो. सात दिवस संपून नवा आठवडा लागला की नगरांत नवे सैनिक भरतीला तयार होतात. त्यामुळे सोनं आज इमारतीवर खर्च करायचं की आठवडा उलटेपर्यंत राखून ठेवायचं, हा प्रश्न सारखा समोर असतो. ज्याला हे गणित जमलं त्याच्या हातून नकाशा सहसा सुटत नाही.

मराठवाड्यात हा गेम का रुजला, याचं माझं उत्तर साधं आहे. तो फेरीफेरीने खेळायचा गेम आहे आणि एकाच मशीनवर आळीपाळीने अनेकांना खेळता येतो. नांदेडच्या वसतिगृहांत काय किंवा लातूरच्या ट्यूशन एरियातल्या भाड्याच्या खोल्यांत काय, कॉम्प्युटर एक आणि पोरं चार, हीच परिस्थिती. एकाने आपली चाल करायची आणि उठायचं. बाकीच्यांनी पाठ फिरवायची, कारण दुसऱ्याचा नकाशा बघणं म्हणजे चोरी. शिवाय भारनियमन. २००५ च्या पुढची काही वर्षं आमच्याकडे वीज जाण्याचे तास शाळेच्या वेळापत्रकासारखे पाठ असायचे. ‘वॉरक्राफ्ट’सारख्या, घड्याळाबरोबर पळणाऱ्या गेममध्ये ऐन लढाईत वीज गेली की सगळं पाण्यात. हीरोज मात्र प्रत्येक दिवसाच्या सुरुवातीला डाव आपोआप साठवून ठेवतो. वीज आली की फार तर एक चाल पुन्हा करायची. अमेरिकेत गेम लिहिणाऱ्यांच्या मनात मराठवाड्याचं भारनियमन नव्हतं, पण सोय झाली ती आमची.

आता आजच्या मशीनकडे येऊ. पहिली अडचण बहुतेक वेळा गेमची नसतेच, सेटअपची असते. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत. ते चालवणारी यंत्रणाच त्यात ठेवलेली नाही. विंडोज ९५-९८ च्या काळातले कित्येक गेम स्वतः ३२ बिटचे होते, पण त्यांना हार्ड डिस्कवर उतरवणारा सेटअप १६ बिटचा. आत बसलेला गेम धडधाकट आणि दारच उघडत नाही. अशा वेळी सेटअपच्या वाट्याला न जाता आतल्या फाइली हाताने बाहेर काढायच्या. लिनक्सवरच्या वाइन या प्रोग्रॅममध्ये १६ बिटचे जुने विंडोज प्रोग्रॅमही चालतात. म्हणजे विंडोजनेच बाहेर ठेवलेलं विंडोजचं जुनं सॉफ्टवेअर लिनक्सने सांभाळून ठेवलं. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

दुसरी अडचण पडद्याची, आणि ही सगळ्यात नाजूक. ‘वॉरक्राफ्ट २’, ‘स्टारक्राफ्ट’ हे २५६ रंगांचे गेम. मशीनकडे २५६ खणांची एक रंगपेटी असते आणि कोणत्या खणात कोणता रंग ते गेम ठरवतो. विंडोज ७ वर डेस्कटॉपही त्याच पेटीत हात घालायचा. मग गवत जांभळं, पाणी गुलाबी. त्या काळी लोक टास्क मॅनेजरमधून एक्स्प्लोरर बंद करून गेम चालवत, कारण रंगांत ढवळाढवळ करणारा तोच. विंडोज ८ पासून असे कमी रंगांचे मोड खरे उरलेच नाहीत, त्यांचं नुसतं सोंग केलं जातं. हीरोज ३ ला ६५ हजार रंग लागतात, म्हणून रंगांचा त्रास कमी, पण चित्र काढण्यासाठी तोही डायरेक्टड्रॉ या जुन्याच पद्धतीवर विसंबून आहे.

यावरचा उपाय मला आजही सुंदर वाटतो. गेम सुरू होताना डीड्रॉ डॉट डीएलएल नावाची फाइल मागतो आणि ती आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतो. तिथे त्याच नावाची दुसरी फाइल ठेवायची. डीजीव्हूडू किंवा सीएनसी-डीड्रॉ यांच्या फाइली अशाच असतात. गेम जुन्या भाषेत चित्र मागतो, ही फाइल ते मागणं आजच्या ग्राफिक्स कार्डला कळेल अशा भाषेत सांगते. गेमचं एक अक्षर बदललेलं नसतं. विंडोजचंही नाही. फोल्डरमधून ती फाइल काढली की सगळं पूर्ववत.

पडद्याच्या आकाराबद्दल मात्र मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो. हीरोज ३ चं चित्र ८०० बाय ६०० चं. आजचा पडदा १९२० बाय १०८०. लोकांना पडदा काठोकाठ भरलेला हवा असतो. तसा ताणला की घोडेस्वार बसके दिसतात, नगरांचे मनोरे आडवे फुगतात. चित्रकाराने आखलेलं प्रमाण राखायचं तर उंची १०८० धरून रुंदी १४४० च ठेवावी लागते आणि दोन्ही बाजूंना २४० ठिपक्यांची काळी पट्टी सोडावी लागते. ती पट्टी खटकत असेल तर चाहत्यांनी केलेला एचडी मॉड घ्यावा. त्यात चित्र ताणलं जात नाही, मोठ्या पडद्यावर नकाशाचा जास्त भाग दिसतो. युबिसॉफ्टने २०१५ मध्ये चित्रं नव्याने रंगवून अधिकृत एचडी आवृत्ती काढली, पण ती मी सुचवत नाही. ‘आर्मगेडन्स ब्लेड’ आणि ‘शॅडो ऑफ डेथ’ या दोन्ही पुरवण्या तिच्यात नाहीत, कारण त्यांचा मूळ सोर्स कोड हरवला होता. २००३ मध्ये थ्रीडीओचं दिवाळं निघालं, हक्क युबिसॉफ्टकडे गेले आणि या सगळ्या हलवाहलवीत ज्यावर माणसांनी वर्षं घातली तो मजकूरच गहाळ झाला. हे वाचलं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं होतं.

तिसरी गोष्ट साठवलेल्या डावांची. लातूरच्या एका शिक्षकांनी जुना पीसी आणून दिला होता. मुलाबरोबर खेळलेले डाव त्यात होते आणि ते एकदम नाहीसे झाले होते. गेम उघडायचा, यादी रिकामी. अशा वेळी सरळ व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरकडे जायचं. विंडोज व्हिस्टापासून प्रोग्रॅम फाइल्समध्ये ॲडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीशिवाय थेट लिहिता येत नाही. जुना गेम तिथेच लिहायला जातो, तेव्हा विंडोज त्याला नाही म्हणत नाही. ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या ॲपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये नेऊन ठेवते आणि वाचतानाही तिथूनच आणून देते. पुढे कधीतरी कुणी शॉर्टकटवर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ची खूण करतं. आता गेमला खऱ्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी असते, म्हणून तो खऱ्या फोल्डरमध्येच बघतो, आणि तिथे काही नसतं. त्या सरांचे सगळे डाव व्हर्च्युअलस्टोअरमध्ये तारखेनिशी जागेवर होते. ते मी गेमच्या फोल्डरमध्ये आणले आणि गेम प्रोग्रॅम फाइल्समधून हलवून सरळ सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला. जुना गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये कधीच टाकू नये.

डॉसच्या गेमांची तऱ्हा वेगळी. १९९४ चा ‘मास्टर ऑफ मॅजिक’ घ्या. मशीनमध्ये मेमरी कितीही असो, डॉसच्या प्रोग्रॅमला पहिल्या ६४० किलोबाइटमध्येच दाटीवाटीने बसावं लागे. माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, साउंड कार्ड, सगळ्यांनी थोडी थोडी जागा खाल्ली की गेमला काही उरायचं नाही. वेगाचाही घोळ असे. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही प्रोग्रॅम सुरू होतानाच मशीनचा वेग मोजत. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढचा प्रोसेसर भेटला की त्यांचा भागाकार बिघडायचा आणि ‘रनटाइम एरर २००’ दाखवून ते बंद पडायचे. मशीन फार चांगलं आहे, हाच दोष. २००२ पासून लोकांच्या हाती असलेला डॉसबॉक्स यासाठी अख्खं जुनं मशीनच सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. प्रोसेसरचा वेग, साउंड ब्लास्टर कार्ड, मेमरी, सगळं आपण सांगू तसं. ‘सायकल्स’चा आकडा कमी-जास्त करून गेमचा वेग जमवता येतो, आणि तो कानाने जमवायचा असतो. पडद्यापेक्षा संगीताची लय आधी सांगते की वेग चुकतोय.

मशीन फार चांगलं असण्याचा हा दोष विंडोज ९८ लाही लागू. ते व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवताना लोक सवयीने चार जीबी मेमरी देतात आणि ते उभंच राहत नाही. ५१२ एमबीच्या पुढे त्याची गडबड सुरू होते. मी २५६ देतो.

संगीतावरून एक सावधगिरीची गोष्ट. ‘हीरोज २’ चं ऑपेरासारखं गायन सीडीवर गाण्याच्या सीडीसारखं, ट्रॅकच्या रूपात आहे. सीडी उघडून दिसतील त्या फाइली कॉपी केल्या की गेम येतो, गाणं मागेच राहतं. अख्ख्या सीडीची बिन आणि क्यू अशा जोडीत इमेज काढली तरच दोन्ही वाचतात. घरी बर्न केलेल्या सीडींची तर घाईच करा. त्यातला रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि उष्णतेने उतरतो, आणि नांदेडचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. आपल्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ (१) (एए) मध्ये, रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची नुकसानीपासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करायला मुभा आहे. मूळ सीडी नसेल तर गॉग या संकेतस्थळावर हीरोजचे गेम विकत मिळतात. ‘क्रॅक’ उतरवून आणलेले कॉम्प्युटर माझ्याकडे व्हायरस काढायला येतात, ते वेगळं.

सगळ्यात मोठं काम मात्र व्हीसीएमआयच्या लोकांनी केलं. २००७ पासून हे स्वयंसेवक हीरोज ३ चं इंजिन मुळापासून नव्याने लिहीत आले आहेत. चित्रं, आवाज, नकाशे तुमच्याच सीडीवरचे, एलओडी फाइलींतले. चालवणारा प्रोग्रॅम नवा आणि सगळ्यांना वाचायला खुला. त्यामुळे हा गेम लिनक्सवर चालतो, अँड्रॉइड फोनवरही चालतो. विंडोज उद्या आणखी बदललं तरी त्याला धोका नाही. कंपनीकडचा पुरवण्यांचा कोड हरवला. खेळणाऱ्यांनी तो गेम बघून बघून परत लिहिला.

हे पाहिलं की मला आपल्या छापखान्यांतल्या हार्ड डिस्क आठवतात. हीरोज ३ ज्या वर्षांत आला त्याच वर्षांत मराठवाड्यातल्या पुस्तकांची, स्मरणिकांची, दिवाळी अंकांची पानं पेजमेकरमध्ये लागत होती. अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपीची किंवा सी-डॅकच्या आयएसएमची. त्या फाइली आज उघडल्या तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, कारण ते फाँट मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवत आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत निराळी. एका काल्पनिक राणीच्या राज्यासाठी जगभरच्या माणसांनी जे कष्ट घेतले, ते आपल्या मजकुरासाठी आपल्यालाच घ्यावे लागतील.

पद्धत तीच आहे, माझ्या टेबलावर रोज चालते. विंडोज ९८ चं व्हर्च्युअल मशीन, त्यात पेजमेकर ६.५, आणि त्या काळचाच फाँट. नवी आवृत्ती नको, कारण जागा बदललेल्या असू शकतात. आधी पान जसंच्या तसं दिसेल अशी प्रत छापून घ्यायची. मग मजकूर बाहेर काढून त्या फाँटच्या तक्त्याने युनिकोडमध्ये आणायचा. इथे दोन जागी लक्ष ठेवावं लागतं. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलट, जुन्यात नंतर आणि युनिकोडमध्ये आधी. ‘वर्षानिमित्त’सारख्या एका शब्दात दोन्ही येतात, म्हणून मी प्रत्येक नवा तक्ता आधी त्यावरच तपासतो. ज्यांच्याकडे अशा डिस्क पडून आहेत त्यांनी फाइलींबरोबर फाँटची सीडी, आणि असलं तर डोंगलही, जपून ठेवावं. फाइली पुष्कळांकडे सापडतात. अडतं ते फाँटपाशी.