दोन भाषांतला निरोप

टेक्सास म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घोड्यावर बसलेला, रुंद टोपीचा काउबॉय उभा राहतो. परंतु सॅन अँटोनियो शहरात पाऊल टाकले की कानावर प्रथम येते ती स्पॅनिश. रस्त्यांची नावे स्पॅनिश, दुकानातल्या गप्पा स्पॅनिश, आणि आई मुलाला रागे भरते तेही पुष्कळदा स्पॅनिशमध्येच! १७१८ साली स्पॅनिश लोकांनी हे गाव वसवले. १८२१ मध्ये ते मेक्सिकोचे झाले, १८३६ मध्ये टेक्सासच्या स्वतंत्र प्रजासत्ताकाचे आणि १८४५ मध्ये अमेरिकेचे. इथली जुनी घराणी मोठ्या ऐटीत सांगतात, की आम्ही सीमा ओलांडून आलोच नाही. सीमाच आम्हांला ओलांडून गेली.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, या गावी महिनाभर राहिलो. बाजारात झेंडूच्या राशी पाहून मला वाटले, दसऱ्याची तयारी चालली आहे. पण ती तयारी होती २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाची. घरोघरी गेलेल्या माणसांच्या तसबिरी मांडायच्या, भोवती झेंडू आणि मेणबत्त्या, पुढे त्यांच्या आवडीचे पदार्थ. आपल्या तोरणांतला झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच! तेव्हा आमची ओळख पटायला वेळ लागला नाही.

त्याच दिवसांत अक्काच्या शेजारच्या आजी वारल्या. वय ८४. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारी पिठले-भात नेऊन देतात, तसा अक्काने पातेलेभर मसालेभात नेला. तिखट कमी करण्याची गरज नव्हती; त्या घरी आपल्याहून तिखट खातात. मी पातेले धरायला म्हणून गेलो आणि बोलावल्यावरून त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. तिथे अंत्यविधीची आखणी चालली होती.

कॅथलिकांच्या अंत्यविधीचे तीन भाग असतात. आदल्या संध्याकाळी शवपेटीजवळ प्रार्थना आणि रोझरी, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा, आणि शेवटी दफनभूमीतला निरोप. मेक्सिकन घरांत त्यापुढे आणखी नऊ दिवस रोझरी म्हणतात. आपल्या दहाव्या-तेराव्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार. या सगळ्याची नीट मांडणी करून द्यायला चर्चतर्फे एक प्रौढ बाई वही घेऊन आल्या होत्या.

अडचण होती भाषेची. आजींची धाकटी बहीण मेक्सिकोतल्या मॉन्तेर्रेहून येणार होती. तिला इंग्रजीचा गंध नाही. इकडे सात नातवंडांपैकी एकालाही स्पॅनिश धड येत नाही. थोरली मुलगी म्हणाली, "आई देवाशी कधी इंग्रजीत बोलली नाही. सगळे स्पॅनिशमध्येच झाले पाहिजे." धाकटी म्हणाली, "आणि माझी मुले काय दगडासारखी बसून राहतील?" थोरलीने विचारले, "मग त्यांना शिकवले का नाहीस?" त्यावर धाकटी हळूच म्हणाली, "आईनेच सांगितले होते, मुलांशी घरी इंग्रजीच बोल म्हणून. का, ते तुला ठाऊक आहे."

टेबलावर कोणी काही बोलेना. मला कारण नंतर कळले. टेक्सासात १९१८ च्या कायद्याने सरकारी शाळांतून इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. ती बंदी १९६९ मध्ये उठली. दरम्यान कित्येक मुलांनी शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्या. आजींनी खाल्ल्या होत्या, आणि थोरल्या मुलीनेही. नातवंडांच्या वाट्याला तरी त्या येऊ नयेत, म्हणून आजींनी आपली भाषा त्यांच्यापासून दूर ठेवली होती. मायेपोटी माणूस काय काय सोडतो!

जावयांनी तोड सुचवली, "प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणू या." बाईंनी मान हलवली. मला तर दादर स्टेशनच आठवले. तीच गाडी, तोच फलाट, आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. गाडीला ते शोभते, प्रार्थनेला नाही. अर्धे लोक अर्धा वेळ नुसते थांबून राहतात. बाईंचे म्हणणे असे, की दुभाषी मिस्सा म्हणजे भाषांतर नव्हे. कोणता शब्द कोणाच्या कानी पडायचा आहे, हे आधी ठरवायचे.

मग त्यांनी वहीत दोन रकाने आखले. जुन्या करारातले वाचन इंग्रजीत, एका नातीने करावे. नव्या करारातले स्पॅनिशमध्ये, मॉन्तेर्रेच्या भाचीने. मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र गायचे. त्याचे पालुपद दोन्ही भाषांत, म्हणजे गळा सर्वांचा लागेल. एका भाषेतले वाचन चालू असताना दुसऱ्या भाषेतला मजकूर पुस्तिकेत समोरच्या पानावर छापलेला असावा. फादरांनी प्रवचन दोन्ही भाषांत करावे, पण तेच ते उलटून सांगू नये. स्पॅनिशमध्ये बहिणीच्या दुःखाशी बोलावे, इंग्रजीत नातवंडांशी. भाकरी आणि द्राक्षरसावरची मुख्य प्रार्थना मात्र एकाच भाषेत, आजींच्या. आणि प्रभूने शिकवलेली प्रार्थना ज्याने त्याने आपापल्या भाषेत, एकदमच म्हणावी.

"आणि धाकटी नातवंडे?" कोणी तरी विचारले. बाई म्हणाल्या, "काही कामांना भाषा लागत नाही." दारात शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, तिच्यावर पांढरे वस्त्र पसरतात. दोन्ही बाप्तिस्म्याच्या खुणा. ते वस्त्र पसरायचे काम धाकट्या नातवंडांना मिळाले.

थोरलीला 'ला गोलोंद्रिना' हवे होते. गोलोंद्रिना म्हणजे पाकोळी. नार्सिसो सेर्रादेल यांचे हे एकोणिसाव्या शतकातले गाणे मेक्सिकोत निरोपाच्या वेळी वाजवतात. पण ते भक्तिगीत नव्हे. म्हणून बाईंनी त्याची जागा चर्चमध्ये न ठेवता दफनभूमीत ठेवली.

शेवटी धाकटीचा एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणाला, "मला एक ओळ स्पॅनिशमध्ये वाचायची आहे." सर्वांसाठी करायच्या विनवण्यांतली एक त्याला मिळाली. पुढचे दोन दिवस कुंपणापलीकडच्या स्वयंपाकघरातून थोरल्या मावशीचा आणि त्याचा आवाज येत होता. ती म्हणे, तो चुके. ती पुन्हा म्हणे.

मिस्सा झाली ती सान होसेच्या चर्चमध्ये. १७२० साली स्थापन झालेल्या या मिशनचे दगडी चर्च १७६८ ते १७८२ या काळात बांधले गेले. २०१५ पासून शहरातली पाचही जुनी मिशने जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण सान होसे हे नुसते बघण्याचे ठिकाण नाही, तिथे आजही बारशापासून मरणापर्यंत सारे चालते. गंमत अशी, की ज्या दगडांनी दोन भाषा एका मिस्सेत ऐकल्या, त्यांनी सुमारे दोनशे वर्षे वेदीवरून फक्त लॅटिन ऐकले होते. लोकभाषांना मुभा मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ मधल्या निर्णयाने. आपल्याकडे वसईला आज मिस्सा मराठीत होते, तीही त्याच निर्णयामुळे. एरवी फादर स्टीफन्स या इंग्रज माणसाने ओवीबद्ध मराठीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्येच गोव्यात, राचोल येथे छापले गेले होते! वेदीवर लॅटिन आणि कानात ओवी, अशी दोन भाषांची सोय आपल्या मुलखाने फार पूर्वी केली होती.

त्या मुलाची ओळ आली. तो अडखळला, एका शब्दाशी थांबला आणि पुढे गेला. पुढच्या बाकावर मॉन्तेर्रेच्या आजींनी तोवर डोळे मिटलेले होते; ते उघडून त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. दफनभूमीत पाकोळीचे गाणे संपल्यावर त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ काहीबाही बोलत राहिल्या. त्याला त्यातले फारसे कळले नसावे. तो मान हलवत होता आणि रडत होता.

वर्गात मी बोली, प्रमाणभाषा आणि भाषासंपर्क यांवर तासन्‌तास बोलतो. त्या बाईंच्या दोन रकान्यांनी मला अधिक शिकवले. विधी जिवंत माणसांना कळला पाहिजे, हे खरे. पण गेलेल्या माणसाच्या भाषेतली एक तरी ओळ म्हणणारे कोणी घरात असावे लागते, आणि त्याची आखणी मरणानंतरच्या दोन दिवसांत पुरी होत नाही. ती आधी वीस वर्षे, रोजच्या जेवणाच्या वेळी करावी लागते.

अक्का परतीच्या वाटेवर गप्प होती. तिची दोन्ही मुले मराठी समजतात, उत्तर मात्र इंग्रजीत देतात, आणि मग नकळत अक्काही इंग्रजीवर येते. त्या रात्री तिने भाच्याला पाने मांडायला सांगितले. त्याने इंग्रजीत विचारले, किती? अक्का मराठीतच म्हणाली, "पाच." त्याने पुन्हा इंग्रजीत विचारले, वाट्या कुठल्या? ती पुन्हा मराठीतच म्हणाली, "स्टीलच्या. आणि मामाला विचार, ताक हवे का."

तो माझ्याकडे वळला. थोडा थांबला, आणि म्हणाला, "मामा, ताक?"

मला ताक नको होते. मी दोन वाट्या घेतले.