रंगाखालचा पत्रा: वापरलेल्या मोटारीचे अडचणीतले पोचे

मोटारीच्या पत्र्याला पडलेला पोचा मूळ रंग न काढता दुरुस्त करण्याच्या पद्धतीला गॅरेजच्या व्यवहारात ‘पेंटलेस डेंटिंग’ म्हटले जाते. या पद्धतीत रंग घासला जात नाही, लांबी म्हणजे खड्डा बुजवण्यासाठी लावण्यात येणारी पुट्टी भरली जात नाही आणि फवारणीही करावी लागत नाही; पत्र्याच्या मागून विशिष्ट वळणाची सळई नेऊन, किंवा पुढून गोंदाने चिकटवलेली चकती ओढून, वाकलेला पत्रा थोडाथोडा मूळ पातळीवर आणला जातो. दाराच्या मधोमध पडलेला उथळ पोचा या रीतीने निघतो, हे आता अनेकांना ठाऊक झाले आहे. परंतु ज्या पोच्यामागे हात किंवा सळई पोहोचत नाही आणि जिथे पत्र्याच्या पाठीला दुसरा पत्रा जोडलेला असतो, अशा पोच्यांचे काय करावे, याची चर्चा क्वचितच होते. नळदुर्ग येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या वापरलेल्या छोट्या मोटारीवर, गावातील एका जाणत्या मिस्त्रींच्या सोबतीने, केलेल्या कामाच्या आधारे हा प्रश्न येथे मांडला आहे.

नळदुर्ग हे तुळजापूर तालुक्यातील गाव पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे आणि पुढे मछलीपट्टणमकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर वसले आहे, त्यामुळे येथील डेंटिंगच्या कारागिरांचा हात प्रामुख्याने मालमोटारींच्या जाड पत्र्यावर घडलेला आहे. लहान मोटारींना येथे पडणारे पोचे मात्र बहुधा अपघाताचे नसतात. बोरी नदीवर किल्ल्यातच बांधलेल्या बंधाऱ्याचे, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात १६१३ मध्ये उभारलेल्या पाणी महालाचे, नर आणि मादी हे सांडवे पावसाळ्यात वाहू लागले की पाहुण्यांच्या गाड्यांची दाटी होते. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवरही तीच स्थिती असते. आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या बाजूने वाट काढताना बाहेर आलेली मोळी किंवा दुचाकीचे हँडल दाराला टेकून जाते. अशा ठिकाणी धक्का सावकाश बसतो, त्यामुळे पत्रा आत जातो पण रंग बहुतेक वेळा शाबूत राहतो. रंग न काढता होणाऱ्या दुरुस्तीला अशाच पोच्यांत खरा वाव असतो.

हा रंग वाचवण्याचा आग्रह का धरावा, हे समजण्यासाठी त्याची घडण पाहणे आवश्यक आहे. कारखान्यात मोटारीचा संपूर्ण सांगाडा प्रथम विद्युतभारित द्रावाच्या हौदात बुडवला जातो, त्यामुळे गंजरोधक थर दारांच्या पोकळीत आणि जोडांच्या फटींतही पोहोचतो. त्यावर प्रायमर, रंगाचा थर आणि शेवटी ‘क्लिअर कोट’ म्हणजे चकाकी देणारा पारदर्शक थर चढतो, आणि वरचे थर सुमारे १४० अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत पक्के केले जातात. या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या भागाएवढी असते, आणि बाहेरचा पत्राही अवघा ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. गावच्या गॅरेजमध्ये पुन्हा दिला जाणारा रंग या तापमानाला भाजता येत नाही, कारण तोवर गाडीत काचा, वायरिंग, रबर आणि प्लास्टिक बसलेले असते. रंगकामाच्या चांगल्या बूथमध्येही तो सुमारे ६० अंशांवर सुकवला जातो आणि लहान ठिकाणी तर उघड्या हवेवरच. म्हणून कारखान्याचा रंग एकदा घासून काढला की तसाच रंग त्या गाडीला पुन्हा मिळत नाही, आणि बशीएवढ्या पोच्यासाठी संपूर्ण दाराचा रंग गमावणे हे प्रस्तुत लेखकाला नुकसानीचे वाटते.

वापरलेल्या गाडीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते: आधीच्या मालकाच्या काळात कोणता भाग रंगवला गेला होता, हे बाहेरून कळत नाही. म्हणून कामाला आरंभ करण्यापूर्वी रंगाची जाडी मोजणारे यंत्र प्रत्येक पॅनेलवर अनेक जागी टेकवून पाहण्यात आले. पोलादी पत्रा आणि यंत्राचे टोक यांच्यातील अंतर चुंबकीय परिणामावरून मोजणारे हे यंत्र तळहातात मावते. या गाडीच्या बॉनेटवर, छतावर आणि उजव्या बाजूवर आकडे कारखान्याच्या मर्यादेत आले. डाव्या मागच्या दारावर मात्र ते जवळजवळ तिपटीने वाढले, याचा अर्थ ते दार पूर्वी रंगवलेले होते. कित्येक शे मायक्रॉनचा आकडा आला तर खाली लांबी आहे असे समजावे, आणि तेथे ही पद्धत वापरू नये, कारण पत्रा हलला की कडक लांबी तडकते व गोंदाने ओढल्यास वरचा रंग सालीसारखा निघून येतो. या तपासणीमुळे ते दार कामातून वगळण्यात आले, आणि उजव्या पुढच्या दाराचा खालचा भाग, मागच्या चाकावरचा क्वार्टर पॅनेल व मागच्या खिडकीलगतचा खांब अशी तीन ठिकाणे कामासाठी उरली. तिन्ही अडचणीची होती.

पोचा निघतो कसा, याचे उत्तर पत्र्याच्या दोन गुणधर्मांत आहे. बळ काढून घेतल्यावर पूर्वस्थितीला परत येण्याचा गुण म्हणजे लवचिकता, आणि वाकवल्यावर नव्या आकारातच राहण्याचा गुण म्हणजे आकार्यता. पोच्याचा बराचसा भाग केवळ लवचिकतेने आत अडकून पडलेला असतो; कायमचा वाकलेला असतो तो त्याचा तळ, आणि त्याच्याभोवती किंचित वर उचलली गेलेली कड. ही कड आत खेचलेल्या भागाला धरून ठेवते. त्यामुळे अनुभवी कारागीर तळाशी सरळ जोर लावत नाही. तो नायलॉनच्या टोकाच्या ठोकणीने कडेवर हलके ठोके देत तिचा ताण उतरवतो, मागून सळईने कडेपासून तळाकडे सरकत जातो आणि एका दाबात पत्रा जेमतेम जाणवेल एवढाच उचलतो. घाईने मध्यभागी दाब दिला तर पत्र्यावर बारीक टेंगूळ येते, आणि तेथे रंग ताणला जाऊन तडकण्याचा धोका असतो. वाकलेला धातू त्या ठिकाणी अधिक कठीणही होतो. तांबट कारागीर ठोकून कठीण झालेले भांडे विस्तवात तापवून पुन्हा मऊ करतो. रंग वाचवायचा असलेल्या मोटारीवर हा मार्ग बंद आहे, आणि म्हणून येथे सगळी भिस्त संयमावर राहते.

संयमाइतकेच महत्त्व उजेडाला आहे. पोचा डोळ्यांना थेट दिसत नाही, त्यातून वाकणारे प्रतिबिंब दिसते. यासाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी किंवा पट्टीदार दिवा पत्र्यासमोर धरतात. पट्टी जेथे आत वळते तेथे खोलगट, जेथे फुगते तेथे उंचवटा, आणि सळईचे टोक नेमके कोठे टेकले आहे हेही तेथे हलणाऱ्या प्रतिबिंबावरूनच कळते. मिस्त्रींनी या कामासाठी साधी ट्यूबलाइट खाटेला बांधून वापरली, आणि तिने काम उत्तम भागले. सळई धरलेल्या हाताकडे न पाहता प्रतिबिंबाकडे पाहत राहणे हे या कलेचे खरे शिक्षण आहे, आणि मालमोटारीच्या पत्र्यावर आयुष्य घालवलेल्या त्या हातांनी ते ज्या तत्परतेने आत्मसात केले, त्याबद्दल प्रस्तुत लेखकाच्या मनात निखळ आदर आहे.

उजव्या पुढच्या दारातील पोचा खालच्या तिसऱ्या भागात होता. दाराच्या आत, बाहेरच्या पत्र्याला जवळजवळ चिकटून, धडकेपासून प्रवाशांचे रक्षण करणारी पोलादी नळी आडवी बसवलेली असते, आणि पोच्याचा निम्मा भाग नेमका तिच्यामागे गेला होता. काच पूर्ण खाली घेऊन तिच्या फटीतून सळई सोडली तर ती नळीवर अडत होती. म्हणून आतले आवरण काढून स्पीकरच्या भोकातून वाट शोधण्यात आली, आणि तीही खालपर्यंत पुरेना तेव्हा दाराच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी कारखान्यानेच ठेवलेल्या छिद्रांचा उपयोग करण्यात आला. ही छिद्रे काळ्या मातीच्या चिखलाने बुजली होती. ती मोकळी केल्यावर टोकाशी किंचित वळवलेली सळई खालून वर गेली आणि नळीच्या मागे पोहोचली. सळई टेकवायला दाराची तळकड मिळाली, पण उघड्या लोखंडाने तेथील रंग खरवडू नये म्हणून सळईवर रबरी नळीचा तुकडा चढवावा लागला. काम अतिशय सावकाश झाले. पोलादी नळी आणि पत्रा यांच्यामध्ये काही ठिकाणी लावलेला मऊ गोंद तसाच ठेवण्यात आला, कारण तो काढल्यास पत्रा चालत्या गाडीत थरथरतो. शेवटी सळईने जेथे आतला थर घासला गेला होता तेथे पोकळीत फवारायचे गंजरोधक मेण मारण्यात आले. हा टप्पा अनेक जण सोडून देतात, आणि गंज काही वर्षांनी आतून बाहेर येतो.

मागच्या क्वार्टर पॅनेलचा पोचा चाकाच्या कमानीवर होता, जेथे बाहेरच्या पत्र्याला आतल्या चाकघराचा पत्रा कडेने जोडलेला असतो. मागचा दिवा काढल्यावर त्याच्या जागेतून लांब सळई पुढे नेता आली आणि डिकीचे आतले आवरण सोडवल्यावर दुसरी वाट मिळाली, त्यामुळे पोच्याचा वरचा भाग पूर्ण सुटला. कमानीच्या अगदी कडेला मात्र दोन पत्रे एकत्र दुमडलेले असल्याने मागून जाणारी कोणतीही वाट नव्हती. या ठिकाणी गोंदाची पद्धत वापरण्यात आली: पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करायचा, प्लास्टिकच्या चकतीला गरम वितळता गोंद लावून ती पोच्याच्या तळावर चिकटवायची, गोंद थंड झाल्यावर ओढणीने ती खेचायची, आणि कडेने तेच अल्कोहोल सोडून उरलेला गोंद सोलून काढायचा. प्रत्येक ओढीनंतर किंचित वर आलेला भाग ठोकणीने खाली बसवावा लागतो, म्हणून हे काम ओढण्याचे जितके, तितकेच बसवण्याचेही आहे.

गोंदाच्या कामात नळदुर्गचे हवामान निर्णायक ठरते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो आणि उन्हातला गडद पत्रा हाताला चटका देतो. अशा पत्र्यावर गोंद घट्ट होत नाही आणि चकती जोर न देताच निसटते. याउलट डिसेंबरच्या पहाटे पत्रा इतका गार असतो की गोंद क्षणात कडक होऊन सुटतो, आणि गारठलेला रंगही कमी ताण सोसतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सावलीत, आणि थंडीत केस वाळवण्याच्या यंत्राने पत्रा कोमट करून काम करावे. उष्ण आणि थंड हवेसाठी वेगवेगळे गोंद मिळतात, हेही लक्षात ठेवावे.

उकळते पाणी ओतून पोचा काढण्याचा जो उपाय सर्वत्र सांगितला जातो, तो केवळ बंपरला लागू आहे, कारण बंपर तापल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकचे असतात. पोलादी पत्र्यावर त्याचा उपयोग नाही.

तिसरा पोचा, मागच्या खिडकीलगतच्या खांबावरचा, निघाला नाही. खांब म्हणजे पोलादाची बंद पेटी असते, आणि या पोच्याच्या मधोमध एक धारदार सुरकुती होती. सुरकुतीत पत्रा ताणला जाऊन त्याचे क्षेत्रफळ वाढलेले असते. हा वाढलेला धातू दाबून नाहीसा करता येत नाही, त्यामुळे गोंदाने त्याचा उथळ भाग वर आला तरी रेघ राहिली. या टप्प्यावर दोन पर्याय असतात. एक, खांबाच्या आतल्या पत्र्याला भोक पाडून सळई नेणे. दोन, रंग घासून वॉशर वेल्ड करून पत्रा ओढणे व वर लांबी भरणे. पहिल्याने धडकेच्या वेळी भार वाहणाऱ्या अवयवाला इजा होते, आतील वायरिंगला आणि ज्या गाड्यांत छताच्या कडेला पडदा एअरबॅग असते तेथे तिलाही धोका पोहोचतो. दुसऱ्याने वेल्डिंगची आच आतला गंजरोधक थर जाळते, आणि बंद पेटीत तो पुन्हा नीट लावता येत नाही. मिस्त्रींनी दोन्ही करण्यास नकार दिला, आणि तो निर्णय प्रस्तुत लेखकाला पूर्ण योग्य वाटतो. रंग अखंड असलेली रेघ गंजत नाही. तिच्यावर चढवलेली लांबी मात्र पाण्याला वाट मिळाली की गंजाला झाकून ठेवते. तिरप्या उजेडात दिसणारी ही रेघ ठेवून कारखान्याचा रंग राखणे, हे लांबीखाली सपाट केलेल्या खांबापेक्षा निःसंशय चांगले आहे.

ज्या वाचकाच्या वापरलेल्या गाडीला असे पोचे असतील, त्याने प्रथम रंगाची जाडी मोजून घ्यावी, तडा गेलेल्या रंगावर ही पद्धत वापरू नये, आतली आवरणे आपल्या समोर सोडवायला सांगावी, आणि कोणत्याही खांबाला किंवा दाराच्या चौकटीला भोक पाडण्यास परवानगी देऊ नये.