एका खसऱ्याचे दोन अर्ज

सुधारित विकास योजनेचं प्रारूप जाहीर झाल्याची सूचना पेपरात आली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलासमोरची गर्दीच बदलली. मी उमरेडला तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. उत्पन्नाचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, फेरफारावरची हरकत, पांधण रस्ता मोकळा करून मिळण्याबाबत, हे माझं रोजचं काम. आता जो तो मोबाइलमधला नकाशाचा फोटो पुढे करायचा, दोन बोटांनी मोठा करायचा आणि म्हणायचा, ‘‘भाऊ, माह्या वावरावर हे हिरवं कायले लावलं?’’

मुदत ३० दिवसांची. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या कलम २६ प्रमाणे प्रारूपाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात द्यायची, नकाशे लोकांना पाहायला ठेवायचे आणि लेखी हरकती, सूचना मागवायच्या. मंजूर योजना अमलात आल्यापासून २० वर्षांत निदान एकदा ती सुधारायची, असं कलम ३८ सांगतं. हे वेळापत्रक मोठ्या शहरांनाही जमत नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीची १९८७ ची योजना सुधारून मंजूर व्हायला २०१७ साल उजाडलं. मुंबईचं २०१५ चं प्रारूप तर इतक्या चुकांचं निघालं की सरकारने ते बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं आणि मंजुरी मिळाली २०१८ मध्ये. पण तिथे वास्तुविशारद, संस्था, वकील नकाशा गल्लीगल्लीने तपासायला बसतात. लहान गावात ते काम झेरॉक्सवाला आणि अर्जनवीस यांच्यात वाटून होतं.

नकाशा वाचायची लोकांची रीत एकच. आधी आपला खसरा शोधायचा. तो पिवळ्यात, म्हणजे रहिवासी विभागात निघाला की सुस्कारा सोडून माणूस घरी जातो. त्यावर आरक्षणाची रेघ किंवा डीपी रोड दिसला की थेट माझ्याकडे. शेजारच्या खसऱ्यात शाळा आहे की कचरा डेपो, नाल्याच्या काठाला काय दाखवलंय, जुन्या बोडीचं काय झालं, हे सहसा कोणी बघत नाही. मी सवयीने बघू लागलो, कारण चतुःसीमा लिहायची तर शेजार पाहावाच लागतो.

आणि उमरेडचा शेजार पाहण्यासारखा आहे. इथली नगरपालिका १८६७ ची. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, जोगीठाणा, कावरापेठ अशा पेठांचं हे जुनं गाव एके काळी कोष्ट्यांच्या मागावरच्या रेशीमकाठी कापडासाठी ओळखलं जायचं. पेठांतले रस्ते बैलबंडीच्या मापाचे. साठच्या दशकात कोळशाची उघडी खाण सुरू झाली, बाहेरची माणसं आली, गाव फुगलं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या चोपन्न हजारांच्या घरात होती. खाणीच्या अंगाला मातीचे ढिगारे आहेत, तिकडे गाव सरकू शकत नाही. तालुक्यात २०१२ पासून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. उरला तो नागपूरकडचा आणि भिवापूर-नागभीडकडचा हमरस्ता. त्यात २०१९ च्या नोव्हेंबरात नागपूर-नागभीड नॅरोगेज बंद झाली आणि ब्रॉडगेजचं काम निघालं. रेल्वे मोठी होणार म्हटल्यावर रस्त्यालगतच्या वावरांचे भाव गहू-चण्याशी नातं सोडून वर गेले. लेआउट पडले, मुरमाचे रस्ते आखले गेले, सिमेंटचे खुंटे रोवले गेले. अशा जमिनीवर नकाशातली एक रेघ इकडची तिकडे झाली की एखाद्या घराचं दोन पिढ्यांचं गणित बदलतं.

म्हणून आलेल्या माणसाला मी कधी हसलो नाही. आरक्षण लागलेल्या जमिनीच्या मालकाचं दुखणं खरं असतं. प्रारूप जाहीर झालं की परवानगी देताना त्याचा विचार करावाच लागतो, म्हणजे बांधकामाचा नकाशा अडतो. बँक कर्ज देत नाही. गिऱ्हाईक अर्ध्या भावातही उभं राहत नाही. जमीन नावावर असते, सारा भरावा लागतो आणि करता काही येत नाही. जमीन संपादन करायला लहान नगर परिषदांकडे पैसा नसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढला, तसा तो आणखी आवाक्याबाहेर गेला. मग आरक्षण नुसतं कागदावर राहतं.

यावर कायद्यात कलम १२७ आहे. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने खरेदीची सूचना द्यायची. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी ठोस पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप जातं. नुसता प्रस्ताव वर पाठवला म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सांगितलं. नागपूर-पुण्याच्या बिल्डरांना हे पाठ असतं. आमच्याकडच्या शेतकऱ्याला दहा वर्षं उलटल्याचंही कळत नाही आणि सुधारित प्रारूपात तेच आरक्षण पुन्हा त्याच खसऱ्यावर बसलेलं दिसतं.

असेच एक तीन भाऊ आले. वडिलोपार्जित पाऊण एकर, भोवती चहूकडून घरं झालेली. जुन्या योजनेत तिथे खेळाचं मैदान होतं, नव्या प्रारूपातही तेच. सातबारा, मोजणीची ‘क’ प्रत, फेरफार, सगळे कागद पिशवीत नीट लावून आणले होते. मी नेहमीप्रमाणे अर्ज केला. मौजा, खसरा क्रमांक, क्षेत्र, आरक्षण क्रमांक, मग कारणं: कुटुंबाकडे दुसरी जमीन नाही, इतकी वर्षं मोबदला नाही, सबब आरक्षण वगळून जमीन रहिवासी विभागात समाविष्ट करावी. धाकट्याने विचारलं, ‘‘सरकारी जागा एवढी पडली हाय, तिकडं मैदान टाका मनून लिहा ना.’’ मी तेही लिहिलं.

दोन-तीन दिवसांनी त्याच भागातले एक निवृत्त पीटीचे सर आले. सोबत चार-पाच जणी आणि क्रिकेटची बॅट हातात तशीच धरलेला एक पोरगा. त्यांचाही अर्ज त्याच खसऱ्याचा. म्हणणं उलटं: मैदान ठेवा. आजूबाजूच्या लेआउटांत खुली जागा म्हणून सोडलेल्या तुकड्यांवर कुठे मंदिर झालं, कुठे गाड्या लागतात. पोरं खेळायला जातात ती या पडीक जमिनीवरच. हे गेलं की पाच-सहा लेआउटांत मिळून एक मैदान उरत नाही.

मी सरांना सांगितलं की या जमिनीच्या मालकांचा अर्ज मीच केला आहे. ते म्हणाले, ‘‘मग त्यांना काय पाहिजे ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या अर्जात त्याचं उत्तर घाला.’’

हा अर्ज लिहायला मात्र वेळ लागला. हटवा म्हणायला मजकूर तयार असतो, नाव आणि खसरा बदलला की झालं. ठेवा म्हणायला नमुनाच नाही. बऱ्याच वर्षांच्या धंद्यात ‘आरक्षण कायम ठेवावे’ असं वाक्य मी कधी टाइप केलं नव्हतं. कोणत्या लेआउटमधली कोणती खुली जागा प्रत्यक्षात उरली आहे, हे सरांनी बायांना घेऊन फिरून टिपलं. त्या यादीत एक नोंद होती: ‘नकाशात बगीचा, जागेवर पाण्याची टाकी, उरलेल्या भागात कपडे वाळत.’ मालकांसाठी मी परिच्छेद घातला की मोबदला रोखीने देणं जमत नसेल तर हस्तांतरणीय विकास हक्क द्यावेत, किंवा २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतल्या समावेशक आरक्षणाचा विचार व्हावा. त्यात मालक काही भाग मैदान म्हणून तयार करून देतो आणि उरलेल्या भागात बांधकाम करू शकतो. पोराचं नाव सह्यांत घ्यायचं का, यावर थोडा वाद झाला. अज्ञान म्हणून त्याच्या आईने सही केली.

संध्याकाळी मोठा भाऊ चहाच्या टपरीवर भेटला. त्याला दुसऱ्या अर्जाचं कळलंच होतं. रागावला नाही. म्हणाला, ‘‘पोट्टे खेलतेत त आमी कधी हाकललं काय? पाह्यजे त घ्या मना, पन पैसे द्या. फुकटात कितीक वर्ष थांबाचं?’’ आरक्षण वगळा असं त्याच्या अर्जात होतं. त्याला हवं होतं ते एवढंच, की काय तो निकाल लावा. मैदानाशी त्याचं वैर नव्हतं.

हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. समितीत तीन सदस्य नगर परिषदेचे आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार. मी काही वृद्ध पक्षकारांसोबत तिथे गेलो होतो. बाहेरच्या रांगेत ज्याच्या-त्याच्या हातात सातबारा. एका शेतकऱ्याने सरांना विचारलं, ‘‘तुमचं कोन्तं वावर गेलं, गुर्जी?’’ सर म्हणाले, ‘‘माझं काहीच गेलं नाही.’’ ‘‘मग आले कायले?’’ हा प्रश्न त्याने खवचटपणे विचारला नव्हता. त्याला खरंच उलगडत नव्हतं. त्या रांगेत ज्याच्या नावाचा उतारा नाही असा माणूस मलाही सरांच्या गटाखेरीज दिसला नाही.

आत दोन्ही बाजू ऐकून घेतल्या गेल्या. समितीचा अहवाल, त्यावर नियोजन प्राधिकरणाचे बदल, मग शासनाकडे, तिथे मंजुरी आणि मोठे फेरफार असले तर तेवढा भाग पुन्हा हरकतींसाठी, असा हा लांबचा रस्ता आहे. पाऊण एकराचं काय व्हायचं ते तिकडे ठरेल. माझ्या ध्यानात राहिली ती रांग. योजना सुधारायला घेतात तेव्हा कागदावर सगळं गाव बोलावलेलं असतं, येतात फक्त ज्यांचं काही जातं ते. ज्यांना मैदान, दवाखाना, भाजीबाजार मिळायचा असतो, त्यांतल्या बहुतेकांना सूचना वाचून आपलं काही आहे असं वाटत नाही. मग शंभर अर्ज हटवण्याचे आणि ठेवण्याचा एकही नाही, असा हिशेब समितीपुढे जातो आणि आरक्षणं गळत जातात. दोष मालकांचा नाही. ते आपलं म्हणणं मांडतात, बाकीचे मांडत नाहीत.

‘सरकारी जागेवर टाका’ हे उत्तरही मी आता तपासल्याशिवाय लिहीत नाही. पूर्व विदर्भात पडीक दिसणारी कितीतरी सरकारी जमीन महसुली नोंदीत झुडपी जंगल आहे. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच धरलं. केंद्राच्या मंजुरीवाचून तिथे वापर बदलता येत नाही. सुमारे ८६ हजार हेक्टरांचा हा प्रश्न आहे. रिकामी दिसते म्हणून ती जागा मैदानाला मिळेल, या भरवशावर आपल्या खसऱ्यावरची रेघ पुसायला सांगणं म्हणजे ते मैदान कुठेच नको म्हणण्यासारखं होतं.

त्या मुदतीच्या उरलेल्या दिवसांत मी अर्जाचा नमुना बदलला. आरक्षण वगळण्याची विनंती आणि तिची कारणं तशीच ठेवली. खाली एक परिच्छेद वाढवला: सदर सुविधा येथे नको असल्यास परिसरात कोणत्या खसऱ्यात व्हावी आणि आमच्या जमिनीचा मोबदला कोणत्या रूपात चालेल. काहींनी तो परिच्छेद काढायला लावला. ‘दुसऱ्याच्या वावराचं नाव मी काहून घेऊ’ हा त्यांचा सवाल रास्त होता आणि मी मुकाट्याने काढला. पण काहींनी विचार केला. एकाने आपल्या वावरातल्या रस्त्याची रुंदी कमी न करता तो विहिरीपासून बांधाकडे सरकवायचं सुचवलं आणि शेजाऱ्याची संमतीची सही घेऊन आला. दोघांच्या बांधावरून निम्मा-निम्मा रस्ता, विहीर शाबूत. अर्जाची पोच घेऊन दोघं एकाच मोटारसायकलवर गेले.

पुढल्या खेपेला प्रारूप येईल तेव्हा ज्यांचं काही जात नाही अशांनीही माझ्या बाकावर येऊन बसावं. त्यांच्यासाठी ठेवण्याच्या अर्जाचा नमुना मी कॉम्प्युटरात वेगळा जपून ठेवला आहे. त्याचे टायपिंगचे पैसे मी घेणार नाही.